सतत फिरतीची नोकरी आणि कॅनडाचं नागरिकत्व : 1,095 दिवस मोजायचे कसे, दाखवायचे कसे

सोमवारी पहाटे पिअर्सन विमानतळावरून शिकागो किंवा डॅलस, गुरुवारी रात्री मिसिसागाला परत. टोरांटोच्या आसपासच्या मराठी घरांना हे वेळापत्रक चांगलं ओळखीचं आहे. अशी फिरतीची नोकरी करणारे नागरिकत्वाच्या अर्जाला बसतात, तेव्हा बहुतेक जण एकच चूक करतात. आधी सरकारी कॅल्क्युलेटर उघडतात, आठवेल तशा तारखा भरतात, आकडा नागरिकत्वाला लागणाऱ्या 1,095 दिवसांच्या वर गेला की खूश होऊन सही करतात, आणि कोणी विचारलंच तर पुरावे शोधायला लागतात. क्रम याच्या बरोबर उलटा हवा. कॅल्क्युलेटर जवळजवळ शेवटी येतो.

हा लेख प्रौढ पीआरधारकांसाठी, म्हणजे कॅनडात कायमच्या वास्तव्याचा दर्जा (पीआर) मिळालेल्यांसाठी आहे आणि फक्त दिवसांच्या हिशोबाबद्दल आहे. भाषेचा पुरावा, चाचणी आणि शुल्क यांत मी शिरत नाही.

## 1. कोणता नियम लागू होतो ते पक्कं करा

अर्जावर सही करता त्या तारखेच्या लगेच आधीच्या 5 वर्षांत तुम्ही किमान 1,095 दिवस प्रत्यक्ष कॅनडात असायला हवं. ‘प्रत्यक्ष’ हा शब्द शब्दशः घ्या. घर इथे आहे, मुलं इथल्या शाळेत आहेत, कर इथे भरता, या सगळ्याने तुमच्या तारखांना आधार मिळतो, पण त्यातून एकही दिवस वाढत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज इथेच होतो. पीआर टिकवण्यासाठी 5 वर्षांत 730 दिवस लागतात, आणि त्या हिशोबात कॅनडाच्या कंपनीने तुम्हाला पूर्णवेळ कामावर परदेशी पाठवलं असेल तर ते दिवस धरता येतात. कॅनेडियन नागरिक असलेल्या जोडीदाराबरोबर परदेशात काढलेले दिवसही धरता येतात. नागरिकत्वाच्या हिशोबात यांतलं काहीच चालत नाही. ‘पगार टोरांटोतूनच येत होता’ हे उत्तर पीआर कार्डाच्या खिडकीवर चालेल, इथे नाही. परदेशातले दिवस धरले जातात ते सैन्यदलात किंवा सरकारी सेवेत असणाऱ्यांचे, आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्या काही कुटुंबीयांचे. खाजगी कंपनीच्या सल्लागाराला ती वाट नाही.

पीआर मिळण्याआधी वर्क परमिट, स्टडी परमिट किंवा व्हिजिटर म्हणून वैध दर्जावर कॅनडात काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, कमाल 365 पर्यंत. हे दिवसही 5 वर्षांच्या चौकटीत असावे लागतात. दर्जा संपून राहिलेले दिवस शून्य. तुरुंगातले किंवा प्रोबेशनवरचे दिवसही साधारणपणे धरत नाहीत.

तपासा : पीआर झाल्याची तारीख कन्फर्मेशनच्या कागदावरून घ्या. कार्ड टपालाने घरी आलं ती तारीख टाकणारे मी पाहिलेत. तसंच, वर्क परमिटचे दिवस तुम्ही त्या दर्जावर कॅनडात पाऊल ठेवलंत तिथून सुरू होतात, मुंबईत व्हिसाचा शिक्का बसला तिथून नाही.

## 2. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस

ज्या दिवसाचा थोडा जरी भाग कॅनडात गेला तो दिवस कॅनडातला. म्हणजे निघाल्याचा दिवस आणि परतल्याचा दिवस, दोन्ही तुमच्या खात्यात जमा. 10 तारखेला गेलात आणि 20 ला आलात, तर गैरहजेरी 9 दिवसांची.

फिरतीच्या माणसाचं सगळं गणित या एका नियमावर फिरतं. दोन मित्र धरा, दोघांचा क्लायंट अमेरिकेत, दोघेही वर्षातले 45 आठवडे प्रवास करतात, आणि दोघेही वर्षातून एकदा पुण्याला जातात तेव्हा 20 दिवस बुडतात.

पहिला सोमवारी सकाळी निघतो आणि गुरुवारी रात्री घरी येतो. आठवड्याला बुडाले मंगळवार आणि बुधवार, म्हणजे वर्षाला 90. पुण्याचे 20 धरून 110. वर्षाला साधारण 255 दिवस जमा होतात, आणि 1,095 गाठायला त्याला साधारण 4 वर्षं साडेतीन महिने लागतात.

दुसऱ्याला सोमवारी पहाटे उठायचा कंटाळा, म्हणून तो रविवारी संध्याकाळी निघतो आणि शुक्रवारी परततो. बुडाले सोमवार ते गुरुवार, आठवड्याला 4, वर्षाला 180. पुणे धरून 200. वर्षाला उरले 165, आणि 5 वर्षांत साधारण 825. या वेळापत्रकावर तो पात्र कधीच होणार नाही, कितीही वर्षं थांबला तरी, कारण चौकट त्याच्याबरोबर पुढे सरकत राहते. नुसती विमानाची वेळ बदलली असती तर निम्मी गैरहजेरी वाचली असती. अजून दोन-तीन वर्षं हातात असलेल्यांनी हा परिच्छेद तिकिटं काढणाऱ्या सहकाऱ्याला जरूर वाचून दाखवावा.

## 3. चौकट आखा, पण सहीची तारीख ठरवू नका

पाच वर्षांचे दिवस मधल्या लीप वर्षांमुळे 1,826 किंवा 1,827 होतात. 1,826 मधून 1,095 वजा केले की 731 उरतात. पूर्ण 5 वर्षं पीआर असाल, तर एवढी गैरहजेरी परवडते.

आत्ता एक अंदाजे तारीख धरा आणि तिच्या मागे 5 वर्षं जा. त्याच्याही मागे आणखी 3 महिन्यांचे प्रवास नोंदवा. सहीची तारीख पुढे-मागे झाली की पुन्हा उत्खनन करावं लागत नाही.

सावध : ‘थांबलो की दिवस वाढतातच’ हे फिरतीच्या माणसाला लागू नाही. रोज चौकटीच्या मागच्या टोकाचा एक दिवस गळतो. तो कॅनडातला असेल आणि आज तुम्ही डॅलसमध्ये असाल, तर एकूण आकडा कमी होतो. मागच्या टोकाला वर्क परमिटचे अर्धे दिवस असतील तर अर्धा-अर्धा गळतो. म्हणून सहा महिन्यांपूर्वीचा हिशोब आज वापरू नका.

## 4. कच्चा माल गोळा करा

याला एक-दोन महिने द्या. काही कागद मागवावे लागतात आणि ते आपल्या सोयीने येत नाहीत.

सीबीएसएचा, म्हणजे कॅनडाच्या सीमाविभागाचा, प्रवास-इतिहास. हा सगळ्यात आधी मागवा. प्रायव्हसी कायद्याखाली स्वतःची माहिती मागायला पैसे पडत नाहीत. उत्तराची कायदेशीर मुदत 30 दिवसांची असली, तरी जास्त वेळ गृहीत धरा. कॅनडात शिरल्याच्या नोंदी यात मिळतात. विमानाने बाहेर जाणाऱ्यांची नोंद 2020 पासून होऊ लागली, त्यामुळे अलीकडच्या प्रवासांचं जाणंही दिसतं. अर्ज तपासणारा अधिकारी ढोबळमानाने हीच माहिती बघणार आहे. तो काय बघणार ते आपण आधी बघून ठेवलेलं बरं.

अमेरिकेचा आय-94 इतिहास, म्हणजे तुमच्या तिथल्या ये-जा करण्याच्या नोंदी. अमेरिकेच्या सीमाविभागाच्या साइटवर पासपोर्ट नंबर टाकला की लगेच मिळतो. मात्र गाडीने ये-जा केली असेल तर बाहेर पडल्याच्या नोंदी गळालेल्या असू शकतात, आणि पासपोर्ट बदलला असेल तर दोन्ही नंबरांनी शोधावं लागतं.

सगळे पासपोर्ट. चौकटीत वैध असलेला प्रत्येक, म्हणजे कोपरा कापून परत मिळालेला जुना भारतीय पासपोर्टसुद्धा. शिक्के असलेल्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. अर्जासोबत त्यांतली किती पानं लागतात ते त्या वेळच्या चेकलिस्टवरून बघा, पण मुलाखतीला मूळ पासपोर्ट मागतात.

कंपनीच्या खर्चाच्या नोंदी. फिरतीच्या नोकरीची ही जमेची बाजू आहे: प्रत्येक हॉटेल, प्रत्येक टॅक्सी तारखेसकट नोंदलेली असते. नोकरी सोडणार असाल तर शेवटच्या दिवसाआधी स्वतःचे खर्चाचे रिपोर्ट, कंपनीच्या नियमांत बसत असेल तसे, उतरवून घ्या. लॅपटॉप परत केला की तो दरवाजा बंद.

बाकीचं. विमान कंपनीच्या मैलांच्या खात्यातली उड्डाणं, ईमेलमधले बोर्डिंग पास, क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट्स, 407 या टोल-महामार्गाची बिलं. टोलचं बिल गंमतीशीर वाटेल, पण विमानतळावरून घरी कुठल्या रात्री आलात ते त्यावर मिनिटासह छापलेलं असतं.

एक अपेक्षा सोडून द्या: शिक्क्यांवरून सगळं जुळेल ही. अमेरिकेची तपासणी पिअर्सनवरच होते आणि तिथे दर वेळी शिक्का बसतोच असं नाही. परत येताना पीआरधारकाच्या पासपोर्टवर कॅनडाचा शिक्का तर क्वचितच बसतो. नेक्सस कार्डवाल्यांच्या (कॅनडा-अमेरिका सीमा झटपट ओलांडण्याचं कार्ड) पासपोर्टची पानं कोरीच राहतात.

## 5. प्रवासाची वही तयार करा

एक स्प्रेडशीट उघडा. एका प्रवासाला एक ओळ. रकाने असे: कॅनडातून निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, देश, कारण, बुडालेले पूर्ण दिवस, निघाल्याचा पुरावा, परतल्याचा पुरावा, शेरा. बुडालेले दिवस हाताने लिहू नका. ‘परतल्याची तारीख वजा निघाल्याची तारीख वजा 1’ असं सूत्र घाला, आणि त्याच दिवशी परतला असाल तर शून्य. बफेलोला खरेदीला जाऊन त्याच रात्री आलेली फेरीही लिहा. दिवस बुडत नाही, पण ती जाहीर करायची असते.

तारखा नेहमी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा. भारतीय शिक्क्यावर दिवस आधी, अमेरिकन हॉटेलच्या बिलावर महिना आधी. 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हा घोळ एकदा वहीत शिरला की बाहेर काढताना घाम फुटतो.

आता भारताच्या फेऱ्यांकडे वळा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे सापडतात. टोरांटोहून 14 डिसेंबरच्या रात्री निघालेला माणूस फ्रँकफर्टला विमान बदलून मुंबईत उतरतो तेव्हा 16 ची पहाट झालेली असते. पासपोर्टवर शिक्का 16 चा. तीच तारीख ‘निघाल्याची’ म्हणून टाकली की 2 दिवस फुकटचे जमा झाले, आणि सीबीएसएच्या नोंदीत 14 तारीख असल्याने ते लगेच दिसतात. माझ्या पहिल्या वहीत अशा 3 फेऱ्या होत्या. परतताना याच्या उलट होतं. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालात तर भारताबाहेर पडल्याचा शिक्का आणि टोरांटोत पोहोचल्याची तारीख बऱ्याचदा एकच येते. म्हणून वहीत कायम कॅनडाचं टोक लिहा: कॅनडाची जमीन कधी सोडली आणि कॅनडात कधी उतरलो. भारताच्या किंवा दुबईच्या शिक्क्याचं काम साक्षीदाराचं.

तपासा : ओळी तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येक परतल्याची तारीख पुढच्या निघाल्याच्या तारखेच्या आधीची किंवा तीच आहे ना ते बघा. दोन प्रवास एकमेकांवर चढले असतील तर कुठेतरी तारीख चुकली आहे.

## 6. नोंदी एकमेकांशी ताडून बघा

वहीतली प्रत्येक तारीख निदान दोन स्वतंत्र नोंदींशी जुळवा. सगळ्या फेऱ्यांना दोन मिळणार नाहीत. जिथे एकच आहे तिथे शेऱ्यात तसं लिहा.

नोंदी एकमेकींशी भांडल्या तर कोणाचं ऐकायचं? माझा क्रम असा: आधी सीबीएसएची नोंद, मग शिक्का किंवा आय-94, मग वापरलेला बोर्डिंग पास, मग कार्डाचा किंवा हॉटेलचा खर्च, आणि अगदी शेवटी तिकिटाचं बुकिंग. बुकिंग शेवटी, कारण कामाच्या माणसाची तिकिटं सतत बदलतात. मीटिंग लांबली, गुरुवारचं विमान शुक्रवारी घेतलं, आणि ईमेलमध्ये मात्र गुरुवारचंच तिकीट राहिलं. अशा ‘घेतलेल्या पण न उडलेल्या’ तिकिटांवर वही उभी असेल तर ती कोसळते.

सीबीएसएच्या यादीतही फेऱ्या गळालेल्या असू शकतात. तुम्ही गेला होतात आणि त्यांच्याकडे नोंद नाही, तरी ती फेरी लिहायचीच. ‘त्यांना माहीत नाही तर मी का सांगू’ हा विचार डोक्यात आलाच तर पुढचं वाक्य वाचा. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पुन्हा अर्ज करायला 5 वर्षांची बंदी येऊ शकते. दोन दिवसांची चूक समजावून सांगता येते. लपवलेली फेरी समजावून सांगता येत नाही.

शोधूनही एखादी तारीख सापडली नाही, तर तुमच्या विरुद्ध जाणारी तारीख धरा. गुरुवारी की शुक्रवारी परतलो याची खात्री नसेल तर शुक्रवार लिहा. एक दिवस गेला तर गेला.

## 7. आता कॅल्क्युलेटर

वही पक्की झाल्यावरच आयआरसीसीचा, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचा, प्रत्यक्ष वास्तव्याचा कॅल्क्युलेटर उघडा. फेऱ्या दोनशेच्या वर असतील तर हे काम एका बैठकीत होत नाही. भरलेलं जतन करत जा आणि दर वीस-पंचवीस ओळींनी वहीतल्या बेरजेशी पडताळा. शेवटी दोन्हीकडचे बुडालेले दिवस तंतोतंत सारखे यायला हवेत. एकाचाही फरक असेल तर कुठली तरी ओळ दोनदा गेली आहे किंवा राहिली आहे. निकाल 1,095 च्या वर आहे म्हणून तो फरक सोडून देऊ नका.

कॅल्क्युलेटरमधली अर्जाची तारीख आणि अर्जावरच्या सहीची तारीख एकच हवी. कागदी अर्जात ही चूक हमखास होते: हिशोब रविवारी, सही पुढच्या शनिवारी, आणि मधे एक शिकागो.

## 8. वर किती दिवस ठेवायचे

आयआरसीसी स्वतःच सांगते की 1,095 पेक्षा जास्त दिवस असताना अर्ज करा. किती जास्त, ते तुमच्या वहीवर अवलंबून. माझा ठोकताळा असा: एकच नोंद असलेल्या किंवा अंदाजाने भरलेल्या जितक्या ओळी, त्यांच्या दुप्पट दिवस, आणि वर आणखी 15. नियमित विमानप्रवास आणि सगळ्या नोंदी जुळलेल्या, तर महिनाभर पुरे. गाडीने सीमा ओलांडणाऱ्यांनी दोन-तीन महिने ठेवावेत. 1,097 वर सही करणाऱ्याचं धाडस मला कधीच कळलेलं नाही. तीन ओळी अधिकाऱ्याने नाकारल्या तर अर्जच बाद होतो, कारण थोड्या कमी दिवसांना माफी नाही.

जोडीदार फिरतीवर नसेल तर तो किंवा ती वर्षभर आधीच पात्र झालेली असते. एकत्रच अर्ज करायचा असा नियम नाही. एकाची फाइल कच्ची असताना दोघांच्या एकत्र पाठवल्या तर पक्कीही अडकते.

## 9. आधाराची फाइल बांधा

हे कागद बहुतेक अर्जासोबत मागत नाहीत. पण ज्यांच्या फेऱ्या खूप त्यांना वास्तव्याची प्रश्नावली (कॅनडात खरंच राहिलात याचे पुरावे मागणारं आयआरसीसीचं पत्र) यायची शक्यता जास्त, आणि तेव्हा पत्रातल्या मुदतीत सगळं द्यावं लागतं. म्हणून सही करायच्या आधीच फाइल तयार ठेवा:

- घराचा भाडेकरार किंवा मालकीचे कागद आणि प्रॉपर्टी टॅक्सची बिलं, पाचही वर्षांची
- टी-4 (कंपनीकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा कागद) आणि सीआरएचे, म्हणजे करखात्याचे, नोटिस ऑफ असेसमेंट
- दैनंदिन खर्च दिसणारी बँकेची आणि कार्डाची स्टेटमेंट्स
- प्रांताच्या आरोग्य विम्याचा वापराचा इतिहास, मुलांच्या शाळेचं पत्र
- कंपनीचं पत्र

करांचं वेगळं सांगतो. कायद्याने विवरणपत्र भरणं बंधनकारक असेल, तर 5 पैकी 3 करवर्षांची विवरणपत्रं भरलेली असायला हवीत. त्याहून नाजूक म्हणजे, कोणाच्या सल्ल्याने एखाद्या वर्षी स्वतःला करासाठी कॅनडाचे अनिवासी दाखवलं असेल, तर त्याच वर्षी तुम्ही 300 दिवस इथे होतात हे पटवणं जड जातं. ते आधी कर-सल्लागाराशी बोलून समजून घ्या.

कंपनीचं पत्र एचआरच्या ठरीव मजकुरावर सोडू नका. त्यात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, कॅनडातलं मूळ कार्यालय, प्रवास कशासाठी आणि किती काळाचे असतात, आणि दर वेळी काम संपल्यावर तुम्ही कॅनडात परतता, एवढं यायला हवं. ‘सध्या टेक्सासमधील प्रकल्पावर कार्यरत’ असं मोघम वाक्य असलेलं पत्र तुमच्याच विरुद्धचा पुरावा ठरतं.

सावध : तुम्ही डेन्व्हरमध्ये असताना घरचं माणूस तुमच्या नावाच्या कार्डावर ब्रॅम्प्टनमध्ये भाजी घेत असेल, तर ते स्टेटमेंट देण्याआधी तशी एका ओळीची टीप जोडा.

## 10. अर्ज भरा, सही करा

पत्ते आणि नोकऱ्यांचा 5 वर्षांचा इतिहास महिन्यागणिक सलग द्या. दोन नोकऱ्यांमधला रिकामा महिनासुद्धा ‘बेरोजगार’ म्हणून लिहायचा. मोकळी जागा राहिली की अर्ज परत येतो. क्लायंटच्या गावी कंपनीने फ्लॅट घेऊन दिला असेल तर तो लपवू नका. घराचा पत्ता कॅनडातला आणि तो मुक्काम कामापुरता, असं सरळ लिहा.

मागच्या 4 वर्षांत कॅनडाबाहेर एकाच देशात सलग 183 दिवस किंवा जास्त राहिला असाल, तर तिथलं पोलिस प्रमाणपत्र लागतं. दर आठवड्याला घरी येणाऱ्याला हे लागू होत नाही, पण आई-वडिलांच्या आजारपणात सात महिने नाशिकला राहिलेल्याला होतं.

सही करायच्या दिवशी चौकट पुन्हा आखा, शेवटच्या काही आठवड्यांच्या फेऱ्या वहीत आल्या आहेत ना ते बघा, आणि कॅल्क्युलेटर त्याच तारखेने पुन्हा चालवा.

## 11. प्रश्नावली आली तर

घाबरून ढीगभर कागद पाठवू नका. जे विचारलंय त्याच क्रमाने उत्तर द्या, वहीची छापील प्रत सगळ्यात वर ठेवा, आणि प्रत्येक पुराव्यावर वहीतल्या ओळीचा क्रमांक टाका. अधिकाऱ्याला 2023 च्या मार्चमधली एक तारीख शोधायला अर्धा मिनिट लागलं पाहिजे. वहीत आणि अर्जात फरक सापडला असेल तर तो स्वतःहून दाखवा: कुठली ओळ, काय चुकलं, त्याने एकूण आकडा किती बदलतो, आणि तरीही तो 1,095 च्या वर राहतो हे आकड्यात. इथे त्या जास्तीच्या दिवसांचं मोल कळतं.

अर्ज गेल्यावर प्रवास चालू ठेवता येतो. पीआर कार्डाची मुदत मात्र बघत राहा, कारण 730 दिवसांची अट शपथ होईपर्यंत सुटत नाही. व्हिडिओवरून शपथ घेतानाही तुम्ही कॅनडातच असावं लागतं, तेव्हा बोलावणं आलं की त्या आठवड्याचा डॅलस रद्द. वही बंद करू नका. सहीनंतरच्या फेऱ्यांबद्दल मुलाखतीत विचारू शकतात, त्यामुळे घरी पोहोचलात की बॅग उघडायच्या आधी एक ओळ लिहून टाका.